जीआरबी लांब की आखूड? नुसता टी-नाइंटी बघून ठरवू नका

गॅमा किरणांचा स्फोट म्हणजे जीआरबी, तो कुठल्या जातीचा हे विचारलं की बहुतेक लोक एका दमात सांगून मोकळे होतात, दोन सेकंदांच्या आत संपला तर आखूड, पुढे गेला तर लांब, आखूड म्हणजे दोन न्यूट्रॉन तारे (मेलेल्या भारी ताऱ्यांचे अतिघट्ट गाभे) एकमेकांवर आदळले आणि लांब म्हणजे मोठा तारा कोसळला, संपला विषय. पुस्तकात पण हेच असतं आणि ते अगदीच चूक आहे असंही नाही, पण गेल्या काही वर्षांत दोन-तीन स्फोटांनी या नियमाची पार वाट लावलीय. त्यामुळे खगोलवाले अलर्ट आल्यापासून शेवटचं लेबल चिकटवेपर्यंत नक्की काय काय बघतात, कशाला किती वजन देतात, ते इथे त्याच क्रमाने लिहितोय. एमएससीवाले आणि हौशी निरीक्षक दोघांना पुरेल असं ठेवायचा प्रयत्न आहे.

आधी थोडक्यात हा दोन सेकंदांचा आकडा आला कुठून ते. पहिला स्फोट पकडला अमेरिकेच्या वेला उपग्रहांनी, २ जुलै १९६७ ला, आणि ते उपग्रह सोडलेले होते चोरून होणाऱ्या अणुचाचण्या पकडायला, त्यामुळे बातमी बाहेर यायला १९७३ उजाडलं. मग १९९१ मध्ये कॉम्पटन वेधशाळा अवकाशात गेली, तिच्यावरच्या बॅट्सी या डिटेक्टरने २००० पर्यंत २७०४ स्फोट नोंदवले. १९९३ मध्ये खगोलशास्त्रज्ञ क्रिसा कुव्हेलिओटू आणि सहकाऱ्यांनी बॅट्सीच्या पहिल्या यादीतल्या २२२ स्फोटांचे कालावधी मांडून बघितले तर आलेखात दोन उंचवटे दिसले आणि मधली खाच साधारण दोन सेकंदांवर. एवढंच. म्हणजे हे दोन सेकंद निसर्गाने कुठे कोरून ठेवलेले नाहीत, एका विशिष्ट डिटेक्टरच्या आलेखातली ती खाच आहे. हे डोक्यात पक्कं ठेवा, पुढचं अर्धं काम त्याने सोपं होतं.

सगळ्यात आधी, हा जीआरबी आहे तरी का?

हे कोणी लिहीत नाही पण इथूनच सुरुवात करायची. डिटेक्टरचे काउंट, म्हणजे त्याने मोजलेले किरण-कण, अचानक वाढले म्हणजे लगेच जीआरबी झाला असं नाही. दिशा सूर्याची असेल आणि बहुतेक काउंट कमी ऊर्जेचे असतील तर सौरज्वाळा. उपग्रह दक्षिण अटलांटिकच्या त्या कुप्रसिद्ध किरणोत्सारी पट्ट्यातून जात असेल तर नुसते भारित कण. दिशा पृथ्वीकडची आणि सगळा खेळ मिलिसेकंदात आटोपला तर ढगांमधल्या विजांमुळे निघणारे गॅमा किरण, हे पण बॅट्सीनेच शोधले. आणि दिशा आकाशगंगेच्या पट्ट्यातली, आधीच माहीत असलेल्या मॅग्नेटारची (प्रचंड चुंबकत्वाचा न्यूट्रॉन तारा), आणि तिथून छोटे मऊ, म्हणजे कमी ऊर्जेचे, झटके परत परत येतायत, तर तो मॅग्नेटार. जीआरबी त्याच जागी परत होत नाही, एकदा झाला की झाला.

फर्मी उपग्रहाच्या जीबीएम डिटेक्टरकडून येणाऱ्या अलर्टमध्ये हे काम सॉफ्टवेअर करतं आणि कशाची किती शक्यता ते टक्क्यात देतं, पण पहिल्या काही सेकंदांतलं ते मत बदलू शकतं, त्यामुळे नंतरची सुधारित नोटीस येईपर्यंत कळ काढावी.

नावाचं पण इथेच उरकून घेऊ. जीआरबी १७०८१७ए म्हणजे २०१७, ऑगस्ट, १७ तारीख, त्या दिवशीचा पहिला. दुसरा आला तर बी. फर्मीच्या यादीत मात्र अक्षराऐवजी दिवसाचा हजारावा भाग लिहितात, हाच स्फोट तिथे १७०८१७५२९ असा आहे, कारण जागतिक वेळेनुसार तो १२ वाजून ४१ मिनिटांनी झाला आणि तोवर दिवसाचा ०.५२९ भाग उलटला होता. दोन याद्या जुळवताना हे माहीत नसेल तर डोकं आऊट होतं.

टी-नाइंटी काढायचा कसा

स्फोट किती वेळ चालला हे सुरुवातीपासून शेवटपर्यंत घड्याळ लावून मोजत नाहीत, कारण शेवट कुठे झाला हेच कळत नाही, शेपूट हळूहळू पार्श्वभूमीत विरून जातं. म्हणून युक्ती अशी की एकूण काउंटपैकी पहिले ५ टक्के येऊन झाले तिथून ९५ टक्के येईपर्यंतचा वेळ मोजायचा, मधले ९० टक्के, म्हणून टी-नाइंटी.

एक खोटं पण सोपं उदाहरण घेऊ, कागद-पेन घेऊन बसा. पार्श्वभूमी सेकंदाला ३०० काउंट. स्फोट सुरू झाल्यावर एकेका सेकंदाला आकडे आले ७००, ९००, ६००, ४५०, ३८०, ३४०, ३३० आणि मग परत ३००. पार्श्वभूमी वजा करा: ४००, ६००, ३००, १५०, ८०, ४०, ३०. बेरीज १६००. त्याचे ५ टक्के ८० आणि ९५ टक्के १५२०. पहिल्या सेकंदातच ४०० आले म्हणजे ८० हे ०.२ सेकंदाला पूर्ण झाले. चौथा सेकंद संपला तेव्हा एकूण १४५०, अजून ७० हवेत, पाचव्या सेकंदात ८० येतात, म्हणजे ४.८७५ ला १५२० पूर्ण. वजाबाकी केली की टी-नाइंटी आला साधारण ४.७ सेकंद. स्फोट खरा सात सेकंद चालला होता बरं का.

आता गंमत बघा. अगदी हाच स्फोट दहापट फिका करा. आकडे झाले ४०, ६०, ३०, १५, ८, ४, ३. पण ३०० च्या पार्श्वभूमीत नुसता चढउतारच १७ च्या आसपास असतो, म्हणजे १५ पासून पुढचं सगळं त्यात बुडालं, दिसणार फक्त पहिले तीन आकडे, बेरीज १३०. परत तोच हिशेब केला तर उत्तर येतं २.६ सेकंद. स्फोट तोच, यंत्र तेच, अंतर तेवढं वाढलं आणि कालावधी जवळपास निम्मा. वरात लांबच्या रस्त्याने जात असली की फक्त बँडचा ऐन जोर कानावर येतो, आधीचं-नंतरचं काही ऐकू येत नाही, तसंच हे. म्हणून फिका स्फोट आणि टी-नाइंटी दोन-तीन सेकंदांचा असं दिसलं की लगेच आखूडच्या खात्यात टाकायचा नाही.

अंतराचा दुसरा परिणाम नेमका उलटा. विश्व प्रसरण पावतंय त्यामुळे लांबच्या स्फोटाचा वेळ आपल्यापर्यंत येताना ताणला जातो, टी-नाइंटीला एक अधिक रेडशिफ्टने (प्रकाश किती ताणला गेला त्याचं माप) भागलं की तिथला खरा वेळ मिळतो. जीआरबी ०९०४२३ चा रेडशिफ्ट ८.२, आपल्याला दिसला साधारण दहा सेकंद, ९.२ ने भागा, एक सेकंदाच्या जरासा वर. मग काय, आखूड म्हणायचा? बहुतेक अभ्यासकांनी बाकीचे पुरावे बघून तो कोसळलेल्या ताऱ्याचाच मानलाय.

आणि यंत्र बदललं की खाच पण सरकते. आखूड आणि लांब गटांचं पारडं जिथे सारखं होतं ती रेघ बॅट्सीसाठी साधारण तीन सेकंदांवर येते, फर्मीसाठी १.७ च्या आसपास आणि नासाच्या स्विफ्ट उपग्रहासाठी चक्क ०.८. कारण स्विफ्टचा डिटेक्टर १५ ते १५० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या मऊ पट्ट्यात बघतो, मऊ किरण जास्त वेळ रेंगाळतात आणि कडक, म्हणजे जास्त ऊर्जेचे, आखूड स्फोट त्याला कमी दिसतात. म्हणूनच बॅट्सीच्या यादीत आखूड स्फोट पाव भाग होते, स्विफ्टच्या यादीत दहावा हिस्सा. तर टी-नाइंटी लिहिताना कुठल्या यंत्राचा आणि कुठल्या ऊर्जेच्या पट्ट्यातला हे लिहिलंच पाहिजे, नुसता आकडा म्हणजे एककाशिवाय लिहिलेलं उत्तर, परीक्षेत मार्क कापतात ते बरोबरच करतात.

आपल्याकडचं चांगलं उदाहरण म्हणजे अ‍ॅस्ट्रोसॅट या भारतीय उपग्रहावरचं सीझेडटीआय हे कडक एक्स-रे टिपणारं यंत्र. उपग्रह २८ सप्टेंबर २०१५ ला अवकाशात गेला, या यंत्राचं डेटा हाताळणारं केंद्र पुण्यात आयुका या खगोल संशोधन संस्थेत, आणि आयआयटी मुंबईची मंडळी त्यातून जीआरबी शोधतात. त्यांची जीसीएनवर (जीआरबीच्या बातम्या पोहोचवणारं जाळं) येणारी परिपत्रकं काढून वाचा, पट्टा कुठला, कमाल काउंट किती, पार्श्वभूमी किती, एकूण काउंट किती आणि टी-नाइंटी किती हे चार ओळींत दिलेलं असतं. वरचं गणित समजलं असेल तर ती परिपत्रकं धडाधड वाचता येतात.

कडकपणा आणि उशीर

टी-नाइंटी हातात आला की दुसरा आकडा कडकपणाचा. जास्त ऊर्जेच्या पट्ट्यात किती आलं भागिले कमी ऊर्जेच्या पट्ट्यात किती आलं, बॅट्सीच्या वेळी १०० ते ३०० किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट हा वरचा आणि ५० ते १०० हा खालचा पट्टा धरायचे. आखूड स्फोट सरासरीने जास्त कडक. सरासरीने, हा शब्द महत्त्वाचा, कारण दोन्ही ढीग एकमेकांत चांगलेच मिसळलेत आणि एकट्या स्फोटाबद्दल कडकपणा छातीठोक काही सांगत नाही. पण वेळ आणि कडकपणा दोन्ही एकाच आलेखावर टाकले तर हा स्फोट आखूड गटातला असण्याची शक्यता किती टक्के हे काढता येतं, आणि असं टक्क्यात सांगणं हे हो-नाहीपेक्षा शंभरदा बरं. काहींनी मध्ये तिसरा ढीग पण काढलाय, मध्यम कालावधीचा आणि मऊ, पण त्यामागे वेगळा कारखाना असल्याचं काही सिद्ध झालेलं नाही, मी त्याच्या फार नादी लागत नाही.

मला स्वतःला जास्त विश्वासाची वाटते ती उशिराची चाचणी. तोच स्फोट कडक पट्ट्यात आणि मऊ पट्ट्यात वेगवेगळा काढायचा आणि एक आलेख दुसऱ्यावर सरकवत कुठे चपखल बसतो ते बघायचं. लांब स्फोटांत बरेचदा कडक किरण आधी आणि मऊ किरण थोडे मागून, शंभर मिलिसेकंद, कधी सेकंदाच्या पुढे पण. आखूड स्फोटांत हा उशीर जवळपास शून्य. लांब स्फोटांतही काही तेजस्वी पोरं शून्य उशीर दाखवतात म्हणा, त्यामुळे ही चाचणी एका बाजूनेच चालते, उशीर ठळक दिसला तर तारा कोसळल्याचा संशय घट्ट, नाही दिसला तर दरवाजा उघडा ठेवायचा.

रेडशिफ्ट मिळाला असेल तर अजून एक हत्यार आहे, अमाटी संबंध. स्फोट सगळ्या दिशांना सारखा पसरला असं धरून काढलेली एकूण ऊर्जा एका अक्षावर, आणि वर्णपट जिथे शिखर गाठतो ती ऊर्जा, रेडशिफ्टचा परिणाम काढून तिथली खरी केलेली, दुसऱ्या अक्षावर. लांब स्फोट एका तिरक्या पट्ट्यात बसतात, ऊर्जा १० चा ५२ वा घात अर्ग (ऊर्जेचं एकक) असेल तर शिखर साधारण शंभर किलोइलेक्ट्रॉनव्होल्टला, शंभरपट ऊर्जा असेल तर शिखर दहापट वर, असं काहीसं. आखूड स्फोट या पट्ट्याच्या वर तरंगतात, ऊर्जा कमी पण शिखर उंच.

जागा सापडली की खरा खेळ

इथपर्यंत सगळं गॅमा किरणांतलं होतं, आणि नुसत्या गॅमा किरणांवर कोणी पैज लावू नये. फर्मी जागा सांगते ती काही अंशांच्या धुरळ्यात, पौर्णिमेचे कित्येक चंद्र मावतील एवढं आकाश. स्विफ्ट मात्र दोन-तीन मिनिटांत मान वळवून एक्स-रे दुर्बीण तिकडे रोखतो आणि काही विकलांपर्यंत (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) जागा देतो, मग जमिनीवरच्या दुर्बिणी धावतात. आफ्टरग्लो, म्हणजे स्फोटानंतर रेंगाळणारा उजेड, सापडला की तो कुठल्या दीर्घिकेत आहे ते बघायचं.

लांब स्फोट सहसा लहान, निळसर, जोरात तारे बनत असलेल्या दीर्घिकांत होतात आणि त्यातही सगळ्यात उजळ भागात, कारण भारी तारे काही दशलक्ष वर्षांतच मरतात, जन्मले त्या जागेपासून लांब जायला त्यांना फुरसतच मिळत नाही. न्यूट्रॉन ताऱ्यांच्या जोड्या वेगळ्या, सुपरनोव्हाचा, म्हणजे ताऱ्याच्या मरणस्फोटाचा, धक्का खाऊन त्या घराबाहेर पडतात आणि एकमेकांत मिसळायला कोट्यवधी, कधी अब्जावधी वर्षं घेतात, तोपर्यंत जोडी कुठल्या कुठे गेलेली असते. २००५ मध्ये जीआरबी ०५०५०९बी हा आखूड स्फोट एका म्हाताऱ्या लंबवर्तुळी दीर्घिकेच्या आसपास सापडला, जिथे नवीन तारे बनणं जवळपास बंद, आणि तेव्हाच आखूड स्फोटांचा कारखाना वेगळा आहे या म्हणण्याला बळ आलं.

एक खबरदारी. आकाशात दीर्घिका खच्चून भरल्यात, स्फोटाच्या शेजारी कुठलीतरी दिसणारच. म्हणून एवढी तेजस्वी दीर्घिका एवढ्या जवळ योगायोगाने असण्याची शक्यता किती हे काढतात. शेजारी फिकी असेल तर अशा हजारो असतात, योगायोग सहज शक्य, उजळ असेल तर अशा मोजक्याच, मग नातं खरं मानायचं. ज्या स्फोटाच्या जागी काहीच दिसत नाही त्याच्या बाबतीत बरेचदा हाच वाद वर्षानुवर्षं चालतो.

कॅलेंडर लावून वाट बघा

खरी साक्ष देणारे दोघेच, सुपरनोव्हा आणि किलोनोव्हा. तारा कोसळला असेल तर आफ्टरग्लो विझत असताना दहा ते वीस दिवसांच्या सुमारास प्रकाश परत वर येतो, आणि वर्णपटात हायड्रोजन नाही, हेलियम नाही, रेषा पसरट, म्हणजे मालमसाला सेकंदाला वीस-वीस हजार किलोमीटरने सुटलाय. २५ एप्रिल १९९८ च्या स्फोटाच्या जागी असा सुपरनोव्हा पहिल्यांदा दिसला पण तो स्फोट इतका फिका होता की लोकांनी शंका काढल्या, मग जीआरबी ०३०३२९ ने त्या मिटवल्या. रेडशिफ्ट एकच्या पुढे गेला की हा उंचवटा दिसणं फार अवघड.

किलोनोव्हाची घाई वेगळी. न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीत उडालेल्या पदार्थात सोनं, प्लॅटिनम, लँथनाइड असली जड मूलद्रव्यं तयार होतात, ती किरणोत्सारी असतात, त्यांच्या उष्णतेने जो उजेड पडतो तो आधी निळा, दिवस-दोन दिवसांत लाल, आणि मग फक्त अवरक्तात, आठवडा-दोन आठवड्यांत बहुतेक विषय संपतो. म्हणजे पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांत अवरक्त दुर्बीण मिळाली नाही तर तुमचा पुरावा बहुतेक गेला. ३ जून २०१३ च्या आखूड स्फोटात हबलने अवरक्तात असा उजेड पहिल्यांदा पकडला. आणि १७ ऑगस्ट २०१७ चं तर सगळ्यांना माहितीय, दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीतून गुरुत्वलहरी आल्या, १.७ सेकंदांनी फर्मीला गॅमा किरण, आणि एनजीसी ४९९३ या १३ कोटी प्रकाशवर्षांवरच्या दीर्घिकेत किलोनोव्हा. त्याचा टी-नाइंटी किती होता माहितीय? दोन सेकंद, अधिक-उणे अर्धा. म्हणजे ज्या स्फोटाबद्दल आपल्याला सगळ्यात जास्त खात्री आहे तो नेमका रेघेवर बसलाय!

आता एक केस शेवटपर्यंत

११ डिसेंबर २०२१. जीआरबी २११२११ए. पहिले तेरा-एक सेकंद नुसते तीक्ष्ण, खडबडीत सुळके, मग जरा शांतता, मग जवळपास मिनिटभर मऊ शेपूट. टी-नाइंटी स्विफ्टमध्ये पन्नास सेकंदांच्या वर, फर्मीमध्ये तीसच्या वर. पहिली पायरी एवढीच चढून थांबलात तर लेबल लांब, आणि तेही शंकेला जागा न ठेवता, कारण दोन सेकंदांची रेघ कुठे आणि हे कुठे.

दुसरी पायरी, उशीर. काढला तर जवळपास शून्य. आणि सुळके काही मिलिसेकंदांत चढउतार करणारे. इथे पहिल्यांदा भुवई वर जायला पाहिजे, कारण मोठा तारा फोडून बाहेर येणाऱ्या झोताकडून इतकी चपळाई सहसा दिसत नाही.

तिसरी पायरी, जागा. साधारण १.१ अब्ज प्रकाशवर्षांवरची दीर्घिका, आणि स्फोट तिच्या मुख्य उजेडाच्या बराच बाहेर, तिथे तारे बनताना दिसत नाहीत. आता दुसरी भुवई. शिवाय हे अंतर जीआरबीच्या मानाने शेजारचंच, म्हणजे सुपरनोव्हा झाला असता तर तो लपणं शक्य नव्हतं.

चौथी पायरी, वाट बघणे. पहिल्या काही दिवसांत दृश्य प्रकाश धाडकन खाली आला पण अवरक्त रेंगाळला, लालसर, २०१७ च्या किलोनोव्हासारखाच. पाठपुरावा करणाऱ्यांत नैनितालजवळच्या देवस्थळची आपली ३.६ मीटरची दुर्बीण पण होती. आणि सुपरनोव्हा? नाही. खूप खोलवर बघितलं तरी नाही. झालं, पन्नास सेकंदांचा लांबलचक स्फोट आणि कारखाना टकरीचा. २०२२ च्या डिसेंबरमध्ये यावर शोधनिबंधांची रांग लागली.

मग लोकांनी जुनी फाइल काढली, जीआरबी ०६०६१४. २००६ चा, १०२ सेकंद चाललेला, रेडशिफ्ट ०.१२५ म्हणजे जवळचाच, उशीर शून्य आणि सुपरनोव्हाचा पत्ता नाही. तेव्हाच बऱ्याच जणांनी हात डोक्याला लावला होता, आता त्याच्याकडे बघायची नजर बदलली. आणि ७ मार्च २०२३ ला जीआरबी २३०३०७ए आला, आजवरचा दुसरा सगळ्यात तेजस्वी, तिसेक सेकंदांच्या वर चाललेला, शेजारच्या दीर्घिकेपासून साधारण १ लाख २० हजार प्रकाशवर्षं लांब, आणि जेम्स वेब दुर्बिणीने तिथे २.१५ मायक्रॉनच्या आसपास जी रेषा बघितली ती टेल्युरियमची असल्याचं मानतात. टेल्युरियम, म्हणजे परत जड मूलद्रव्यांचा कारखाना.

उलटं पण घडलंय. २६ ऑगस्ट २०२० चा जीआरबी २००८२६ए फर्मीत जेमतेम १.१ सेकंदाचा, पुस्तकी आखूड, पण अमाटी आलेखात तो लांबवाल्यांच्या पट्ट्यात जाऊन बसला आणि काही आठवड्यांनी प्रकाशात सुपरनोव्हाचा उंचवटा आला. तारा कोसळला होता, झोत जेमतेम बाहेर पडला असावा एवढंच.

लेबल लिहिताना

यामुळेच खगोलशास्त्रज्ञ बिंग झांग वगैरे मंडळी २००६ च्या त्या गोंधळानंतर म्हणाली की लांब-आखूड हे फक्त वेळेचं वर्णन म्हणून ठेवा आणि कारखान्यासाठी वेगळं लेबल लावा, टाइप १ म्हणजे सघन (न्यूट्रॉन ताऱ्यांसारख्या) ताऱ्यांच्या टकरीचा, टाइप २ म्हणजे भारी तारा कोसळल्याचा. मला हे फार पटतं आणि तुम्ही पण नोंदवही करत असाल तर दोन वेगळे रकाने करा. एकात लिहा लांब किंवा आखूड, यंत्राच्या नावासकट. दुसऱ्यात टाइप आणि तो कशावरून ठरवला, सुपरनोव्हा दिसला, किलोनोव्हा दिसला, सुपरनोव्हा दिसायला हवा होता आणि दिसला नाही, नुसती दीर्घिका, की नुसते गॅमा किरण. यातला शेवटचा प्रकार असेल तर टाइप लिहूच नका, रकाना कोरा ठेवा. फर्मीच्या यादीतले बहुसंख्य स्फोट असेच कोरे राहणार आहेत, जागाच नीट मिळत नाही तर पुढचं कसं करणार, इलाज नाही. मशीन लर्निंगवाल्यांनी नुसत्या आलेखांच्या आकारावरून दोन गट छान वेगळे काढून दाखवलेत, पण वेगळा पडलेला गट नक्की कशाचा हे सांगायला शेवटी किलोनोव्हाच लागतो.

या दोन्ही टाइपांत सरळ न बसणारे तीन प्रकार आहेत, ते पण ओळखता आले पाहिजेत. हजारो सेकंद चालणारे अतिलांब स्फोट, उदाहरणार्थ ९ डिसेंबर २०११ चा, त्याच्या मागे सुपरनोव्हा सापडला पण नेहमीपेक्षा बराच तेजस्वी. मग शेजारच्या दीर्घिकांमधले मॅग्नेटारचे महाझटके, हे फार फसवतात, १५ एप्रिल २०२० ला एनजीसी २५३ च्या दिशेने आलेला झटका सेकंदाचा एक-सप्तमांश चालला आणि आखूड जीआरबी म्हणूनच नोंदवला गेला. अशा वेळी वेगवेगळ्या यानांना सिग्नल कधी पोहोचला त्यातल्या फरकावरून जागा आवळतात आणि ती जवळच्या तारे बनणाऱ्या दीर्घिकेवर पडली तर संशय मॅग्नेटारवर. आणि तिसरे म्हणजे मोठ्या कृष्णविवराने तारा फाडला ती प्रकरणं. २८ मार्च २०११ ला असा एक जण जीआरबीच्या नावाने आत घुसला होता पण दिवसेंदिवस थांबेना, आणि जागा नेमकी दीर्घिकेच्या मध्यावर, तेव्हा उलगडा झाला.

हे सगळं स्वतः करून बघायचं असेल तर फर्मी जीबीएमची स्फोटांची यादी नासाच्या हिसार्क या डेटा संग्रहावर फुकट मिळते, टी-नाइंटीचा रकाना डाउनलोड करा आणि हिस्टोग्राम काढा. आडवा अक्ष लॉगचा घ्या, साधा घेतलात तर दोन उंचवटे दिसणारच नाहीत, सगळं डावीकडे चिकटून बसेल आणि तुम्ही म्हणाल की हा तर एकच ढीग आहे. मग त्यावर १७०८१७५२९, २००८२६१८७, २११२११५४९ आणि २३०३०७६५६ अशा चार खुणा करा. पहिला खाचेत पडेल, दुसरा आखूडवाल्यांच्या उतारावर, आणि टकरीचे म्हणून ओळखले गेलेले शेवटचे दोघे लांबवाल्यांच्या ढिगाच्या अगदी ऐन मध्यावर.